दम धरा

मला कुणी छळलं असतं तर फार बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. मला भांडता येतं. आमच्या शाळेतल्या शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत कुणालाही विचारा. पण माझ्या सासरची माणसं चांगली आहेत. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यावरून या घरात मला कुणी कधी वावगा शब्द बोललं नाही. अशा माणसांनी प्रेमाने कोंडलं की ओरडायचीसुद्धा सोय राहत नाही.

आमचं घर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, आमच्याच मिरचीच्या दुकानावर. खाली दुकान, मधे पोत्यांची कोठी आणि सगळ्यात वर आम्ही तिघं: मी, माझे यजमान सोमशेखर आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते. मधला जिना अरुंद आणि सरळसोट, बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त हमाल असावेत असा. लग्न झाल्यापासून मी तो रोज चढले-उतरले. सकाळी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला जायचं, दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन वर यायचं. थोडी धाप लागायची. ती मिरचीच्या तिखट वासामुळे लागते असं मी समजत होते.

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर माझा थोरला भाऊ चन्नाप्पा गेला. आमचं माहेर हातकणंगल्याचं. स्टेशनवर मिरजेची गाडी सुटत होती, तो पिशवी घेऊन पळाला आणि डब्याच्या दारापर्यंत पोचायच्या आत खाली पडला. पुन्हा उठला नाही. ना बीपी, ना साखर, ना तंबाखू. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या हृदयाचा स्नायू हळूहळू जाड होत गेला होता, हा दोष रक्ताच्या नात्यात उतरतो, तेव्हा भावंडांनी तपासून घ्यावं. भावंड म्हणजे मी एकटीच. मी तपासून घेतलं. माझाही जाडच निघाला.

“जाड म्हंजे चांगलंच की वो डाक्टर,” आत्ती म्हणाल्या. “पातळ असतं तर फाटलं असतं.”

डॉक्टर हसले नाहीत. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात ते नवीनच आले होते, धारवाडकडचे, तरुण. मराठी चांगलं बोलायचे, पण प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बाहेर काढायचे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ही हृदयाची भिंत, ही रक्त बाहेर पडायची वाट. “तुम्ही शांत झोपलेल्या असताना वाट मोकळी दिसते,” ते म्हणाले. “पण काही लोकांत पळताना, चढताना हा जाड भाग मधे येतो आणि वाट अडते. तुमच्यात तसं होतं का, हे झोपवून कळणार नाही. पळवून लगेच बघावं लागेल. फिरत्या पट्ट्यावर पळायचं आणि पळून झालं की ताबडतोब सोनोग्राफी. ती सोय आमच्याकडे एप्रिलमध्ये होईल. तोपर्यंत जपून.”

या शेवटच्या दोन शब्दांवर आमच्या घराने माझा तुरुंग बांधला.

दुसऱ्या दिवसापासून मी जिना उतरायचा नाही असं ठरलं. उतरायला काही त्रास नव्हता हो, पण उतरलं की चढावं लागतं. शाळेत रजेचा अर्ज गेला. तो यजमानांनी लिहिला आणि मी मुकाट्याने सही केली, कारण नुकताच भाऊ गेला होता आणि मीही घाबरले होते. महिन्याभरात माझी भीती ओसरली, त्यांची वाढली. मला बादली उचलू देत नव्हते. खिडकी उघडायला गेले तर आत्ती धावत यायच्या. त्यांच्या गुडघ्यांची हालत बघता खरं तर मीच त्यांच्यासाठी खिडकी उघडायला हवी होती. वर्गातल्या मुली भेटायला आल्या तर त्यांना खालच्या खाली दुकानातून खडीसाखर देऊन परत पाठवलं. बाईंना बोलून दम लागेल म्हणे. पंचवीस मिनिटांच्या तासाला चाळीस मिनिटं बोलणारी मी!

राहिली गॅलरी. गॅलरीतून मी ट्रकमधून पोती उतरताना बघायची. आमचा जुना हमाल आकाराम पाठीवर पोतं घेऊन जिना चढायचा आणि मला बघून म्हणायचा, “वैनी, बसा निवांत. राणीवानी हाय तुमचं.” मला त्याच्या पाठीवरचं पोतं हिसकावून घ्यावंसं वाटायचं.

फेब्रुवारीत एकदा मी यजमानांशी भांडायचा प्रयत्न केला. म्हटलं, शाळा सुटली तर मी वेडी होईन. ते जेवता जेवता थांबले. गरीब स्वभावाचा माणूस, आवाज चढवता येत नाही. “एप्रिलात तपासणी हुंदे,” ते म्हणाले. “चांगलं निघालं तर जूनमदी जा शाळेला. मी सोता सोडायला येतो. पर वाट अडती असं निघालं, तर राजीनामा द्यायचा. काय कमी हाय आपल्याला? तू डोळ्यासमोर पायजेस, बास.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काय भांडणार? मी त्यांना आमटी वाढली.

म्हणजे माझी सुटका त्या पट्ट्यावर ठरणार होती. मी एप्रिलची वाट बघत बसले.

तपासणीच्या दिवशी मला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. आकारामने पुढून धरलं, जोतीराम नावाच्या दुसऱ्या हमालाने मागून. निम्मी लक्ष्मीपुरी बघायला उभी होती. पलीकडच्या गूळवाल्यांनी तर हात जोडले, मी गेलेच असं समजून. मी डोळे मिटून घेतले, लाजेने.

दवाखान्याची खोली लहान होती. अलीकडे पळायचा पट्टा, मधे हिरवा पडदा, पलीकडे अंधारात सोनोग्राफीचं मशीन आणि खाट. पट्ट्यापाशी दीक्षा नावाची तंत्रज्ञ मुलगी होती, कोडोलीची, नोकरीला लागून चारच दिवस झालेली. तिने छातीला तारा चिकटवल्या, दंडाला पट्टी बांधली. डॉक्टरांनी समजावलं, “पळताना आलेला अडथळा थांबलं की विरून जातो. म्हणून पट्टा थांबला की थांबायचं नाही. लगेच पडद्यामागे यायचं, डाव्या कुशीवर झोपायचं.” ते पडद्यापलीकडे मशीनपाशी जाऊन बसले. यजमान आणि आत्ती बाहेर बाकावर होते.

पट्टा सुरू झाला. आधी चाल, मग भरभर चाल, मग चढ. काय सांगू, मला आनंद झाला! पाच महिन्यांनी माझे पाय पाय असल्यासारखे वागत होते. “झकास पळताय की बाई,” दीक्षा म्हणाली. मला वाटलं, हा पट्टा असाच दवाखान्याबाहेर जावा, शाळेपर्यंत. मग छातीत काहीतरी आवळलं. कानात रक्ताचा आवाज भरला. समोरच्या भिंतीच्या कडा काळ्या पडत आल्या. मी दांडी घट्ट धरली आणि बोलले नाही. बोलले तर राजीनामा. शेवटी पायच लटपटले तेव्हा दीक्षाने पट्टा थांबवला.

पडद्याआडून डॉक्टर ओरडले, “दम धरा!”

मी थांबले. दीक्षानेही माझा दंड धरून मला थांबवलं. कोल्हापुरात ‘दम धर की’ म्हणजे थांब की, घाई कशाला करतोस. आईने लहानपणापासून दिवसातून शंभरदा म्हटलेलं. “सर दम धरा म्हणतायत बाई. बसा जरा,” ती म्हणाली. स्टूल दिलं. मी बसले.

“दम धरा, दम धरा!” पुन्हा आतून.

आम्ही आणखी दम धरला. दीक्षाने मला पाणी दिलं. भिंतीच्या कडा पुन्हा पांढऱ्या झाल्या, छातीतली मूठ सुटली. मला वाटलं, किती भला डॉक्टर, पेशंटला जरा टेकू देतो. मग पडदा सरकवून ते बाहेर आले. “अजून इथंच? पट्टा कधी थांबला?”

दीक्षा दचकली. “आत्ताच थांबला, सर,” ती म्हणाली. नवी नोकरी होती तिची. मी काही बोलले नाही, मला तेव्हा त्यात काही वावगंच दिसलं नाही. मी जाऊन कुशीवर झोपले. डॉक्टर बराच वेळ मशीनच्या पडद्यावर बघत राहिले आणि म्हणाले, “छान. पळाल्यावरही वाट मोकळी आहे. अडथळा नाही.”

यजमान बाहेर रडले. आत्तींनी दवाखान्याच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. घरी आल्यावर खुर्ची परत पाठवली आणि मी माझ्या पायांनी जिना चढले, सावकाश, लग्नातल्या नवरीसारखी. मागून यजमान, त्यांच्यामागून आत्ती, आणि खालून आकाराम ओरडत होता, “वैनी आल्या वो पायानं!” मी इतकी खूष होते की वर पोचल्यावर धाप लागली ती मी हसण्यात लपवली.

संध्याकाळी पेढे आले. आत्तींची धाकटी बहीण संकेश्वरहून आली होती. आम्ही तिला चिक्कव्वा म्हणतो. आत्तींचं माहेर तिकडचं, त्यामुळे बहिणी भेटल्या की कानडी सुरू. मला कानडी कळतं पण कामापुरतंच. पेढा खाताना चिक्कव्वांना उचकी लागली. पाणी झालं, साखर झाली, थांबेना. तेव्हा आत्ती त्यांच्या पाठीत थापटून म्हणाल्या, “उसिरु हिडी! उसिरु हिडी!” चिक्कव्वांनी नाक दाबून, गाल फुगवून श्वास कोंडला.

उसिरु म्हणजे श्वास. दम. हिडी म्हणजे धर.

दम धर.

माझ्या हातात अर्धा पेढा होता. डॉक्टर मला थांबायला सांगत नव्हते. ते आतून घाई करत होते. या, झोपलात की लगेच श्वास रोखा, हे आधीच बजावत होते. चित्र हललं तर दिसणार नाही. धारवाडचा माणूस, मनातलं कानडी मराठीत आणताना ‘उसिरु हिडी’चं ‘दम धरा’ झालं. आणि आम्ही दोघी कोल्हापूरच्या बायका आज्ञाधारकपणे बसून राहिलो, अडथळा विरून जाईपर्यंत. जे बघायला मला पळवलं होतं ते कुणी बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं, काळ्या कडांच्या भिंतीत. आयुष्यभर मुलींच्या वह्यांत वाक्प्रचारांचे अर्थ तपासणाऱ्या बाईचा अर्थ चुकला, आणि चुकीलाच पैकीच्या पैकी गुण मिळाले.

“काय गं, पेढा गोड न्हाय व्हय?” आत्तींनी विचारलं.

“गोड आहे,” मी म्हणाले आणि उरलेला गिळला.

मी सांगितलं नाही. का सांगावं? सांगितलं की उद्या खुर्ची परत येणार, आकाराम, जोतीराम, हात जोडणारे गूळवाले. आणि कदाचित माझं काही बिनसलेलंही नसेल, पाच महिने बसून पाय कमजोर झाले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मी चांगली वकिली करते. जूनमध्ये शाळेत गेले. मुलींनी फळ्यावर माझं नाव लिहून फुलं काढली होती. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “आता ठणठणीत आहात ना? मग यंदा दहावीचं मराठी तुमच्याकडे.” दहावी! किती वर्षं मी दहावीसाठी भांडत होते. दहावीचे वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार? माझ्याकडे अडथळा नसल्याचा कागद होता.

मग कळलं की घरातली कोंडी बरी होती. तिथे निदान दमले तर दमले म्हणता यायचं. आता मला दमायची परवानगीच नव्हती. शाळेच्या जिन्यात मधल्या वळणावर मुलींचं भित्तिपत्रक होतं. ते मी दिवसातून तीनदा इतकं मन लावून वाचायची की संपादक मुलीला स्वतःबद्दल भलतंच वाटायला लागलं. घरच्या जिन्यात कोठीपाशी थांबून मी आकारामला त्याच्या सुनेची, म्हशीची, जावयाची चौकशी करायची. तो बिचारा खूष. वर्गात कविता वाचताना मी प्रत्येक ओळीनंतर थांबायला लागले आणि मुलींना वाटलं, बाई किती भावपूर्ण वाचतात. यजमान रोज विचारायचे, “दम लागत न्हाय न्हवं?” आणि मी रोज हसून मान हलवायची. एकटी असले की छातीवर हात ठेवून बसायची आणि चन्नाप्पाशी बोलायची. तुलाही असंच होत होतं का रे? तूही कुणाला बोलला नाहीस का?

ऑगस्टच्या शेवटी, जेवणाच्या सुट्टीनंतरची घंटा झाली. मला उशीर झाला होता. वर दहावीच्या मुलींचा गोंधळ ऐकू येत होता म्हणून मी भित्तिपत्रकापाशी थांबले नाही, तशीच चढले. शेवटच्या पायऱ्यांवर छाती आवळली, भिंत काळी झाली, आणि पुढचं मला आठवतं ते म्हणजे माझा गाल गार फरशीवर आहे आणि खडूचे तुकडे पायऱ्यांवरून खाली खाली उड्या मारत चाललेत. जिन्यात कुणी नव्हतं. सगळ्या वर्गांची दारं बंद झाली होती. मी उठून बसले. वरून एक मुलगी डोकावली, “बाई, काय झालं?”

“चप्पल तुटली,” मी म्हणाले. माझी चप्पल धडधाकट होती. मी ती हातात घेतली आणि अनवाणी वर्गात गेले. सबंध तास खुर्चीत बसून घेतला. फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा अगदी साधी भीती वाटली, मरायची. आणि त्याच्या जोडीला, हे कुणाला सांगता येत नाही याची.

मी आत्तींना सांगितलं. यजमानांना सांगितलं असतं तर ते रडले असते आणि राजीनामा लिहायला बसले असते. आत्ती निदान ओरडतील. यजमान मिरचीच्या सौद्याला संकेश्वरला गेले होते. दुपारी आत्ती लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पट्टा, पडदा, दम धरा, उसिरु हिडी, शाळेचा जिना.

त्यांनी लसूण खाली ठेवला. “म्हंजे मी पेढं फुकट वाटलो?”

“हो.”

“आनी तू चार म्हयनं माझ्याम्होरं खोटं खोटं हासलीस?”

“तुम्ही मला परत खुर्चीत बसवलं असतं.”

“बसवलोच असतो!” त्या ओरडल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बाप्यांसारखंच बोलतात. मी शाळेत हे दुरुस्त करत आले, घरी कधी जमलं नाही. “बसवलोच असतो आनी वर धा हमाल ठेवलो असतो. माझं एक पोरगं हाय आनी एक तू हाईस. तुला काय हुतंय ह्ये तू डाक्टरला न्हाय, नवऱ्याला न्हाय, जिन्याला सांगत बसलीस व्हय गं, शानी?” आणि मग त्या उठल्या, लुगडं झटकलं. “चल. उद्याच्याला जायाचं. सोमूला कळवायचं न्हाय, त्यो वाटंत गाडी घालंल कुटंतरी.”

दवाखान्यात डॉक्टरांना मी सांगायच्या आधीच आत्तींनी कानडीत सांगायला सुरुवात केली. सांगणं कसलं, खरडपट्टीच काढली. डॉक्टर आधी रागावले, मग गोंधळले, मग त्यांनी कपाळाला हात लावला. “मी सगळ्या पेशंटांना असंच म्हणतो,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “मग काय म्हणायचं?”

“श्वास रोखा,” मी म्हणाले.

ते मनातल्या मनात दोनदा म्हणाले. दीक्षा कोपऱ्यात पांढरीफटक उभी होती. मी तिच्याबद्दल काही बोलले नाही, पण ती आपणहून पुढे आली आणि रडत म्हणाली, “सर, पट्टा थांबून लई वेळ झालता. मी भिऊन बोलले न्हाई.” डॉक्टर तिला फक्त एवढंच म्हणाले, “आज पडदा काढून टाक.”

पडद्याशिवाय ती खोली अगदीच लहान होती. या वेळी डॉक्टरांनी दारात दुसऱ्या डॉक्टरांना उभं केलं, औषधं काढून ठेवली, आणि मला बजावलं की डोळ्यांसमोर अंधारी आली तर तत्क्षणी सांगायचं, लपवायचं नाही. आत्तींनी बाहेर बसायला साफ नकार दिला. मी पळाले. आनंद वगैरे काही झाला नाही. छाती आवळायला लागली तशी मी म्हणाले, “होतंय.” पट्टा थांबला, दीक्षाने मला जवळजवळ उचलूनच खाटेवर टाकलं, डॉक्टरांनी बरगडीवर यंत्र दाबलं. “श्वास रोखा!” मी रोखला. मशीनमधून माझ्या रक्ताचा आवाज आला, अरुंद नळातून जोराने पाणी यावं तसा चिरका. डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं.

“वाट जवळजवळ बंद होते,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “आणि पळताना वाढायला हवा तो रक्तदाब उलट उतरतो. आजपासून गोळ्या सुरू. पळणं नाही, ओझं नाही, घाईने चढणं नाही. भाऊ अचानक गेले, तुम्ही बेशुद्ध पडलात, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांचं मतही घेऊ. हृदय अचानक बिघडलं तर झटका देऊन सावरणारं, छातीत बसवायचं एक यंत्र असतं; ते हवं का, हे ते सांगतील.”

“आनी शाळा?” हे मी नाही, आत्तींनी विचारलं.

“खालच्या मजल्यावर शिकवू द्या. सावकाश चालू द्या.”

“तसं नगं. मला सरळ सांगा.” आत्ती खुर्चीत पुढे सरकल्या. त्या आता मराठीत बोलत होत्या, मला कळावं म्हणून की स्वतःला ऐकू यावं म्हणून, देव जाणे. “मी हिला घरात बसवतो. जिना न्हाय, काम न्हाय, काय न्हाय. हातरुनावर ठेवतो. मग तर वाचंल न्हवं? मग तर काय हुनार न्हाय न्हवं?”

डॉक्टरांनी या वेळी वाक्य जुळवायला फार वेळ घेतला. “तसं वचन मला देता येत नाही, आजी,” ते म्हणाले. “पळण्याने धोका वाढतो, ते टाळता येतं. गोळ्यांनी थोडा कमी होतो. पण या आजारात माणसं कधी झोपेतही जातात, कधी गप्पा मारताना. आणि पुष्कळ जण म्हातारे होईपर्यंत जगतात. घरात कोंडून ठेवल्याने त्या वाचतील, असं मात्र नाही.”

आत्तींनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि रिक्षा केली. लक्ष्मीपुरीत उतरल्यावर आम्ही जिना चढायला लागलो. कोठीपाशी मी थांबले, या वेळी उघड उघड, आणि मिरचीच्या पोत्यावर बसले. आत्तीही शेजारी बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात मला बारीक लागला, लहान मुलीसारखा.

“मी तुला कोंडलो न्हवतो गं,” त्या म्हणाल्या. “मरान भाईर हाय असं वाटलं मला. म्हणून दार लावलो. त्ये तर आतच हाय.”

मला त्यांचा राग आला नाही, फार प्रेम आलं. आम्ही दोघी पोत्यावर बसून रडलो आणि मिरचीने ठसकलो. आकाराम वर येत होता, तो आम्हाला बघून पोत्यासकट परत फिरला.

यजमान संकेश्वरहून परतल्यावर त्यांना आत्तींनीच सांगितलं. काय आणि कसं सांगितलं मला माहीत नाही. मला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. रडण्याचा आवाज आला, मग आत्तींचा दम दिल्याचा आवाज. रात्री यजमान माझ्याजवळ येऊन म्हणाले, “राजीनामा नगो. आई म्हणती, नगो.” मी मोठ्या बाईंना फोन केला, दहावी सोडली आणि खालच्या मजल्यावरची पाचवी मागून घेतली. मोठ्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं. सांगताना आवाज कापला नाही याचं मलाच नवल वाटलं.

सोमवारी सकाळी मी गोळी घेतली, साडी नेसले, पर्स घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी आले. आत्ती पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. यजमान पेपर वाचत होते. एप्रिलपर्यंत या दोघांनी मला दारात अडवायला नाही नाही त्या युक्त्या केल्या होत्या, आणि मी त्यांच्याशी लढायला नाही नाही त्या. मी चप्पल घातली. पट्टा सारखा केला. पुन्हा एकदा सारखा केला.

“जाते हं,” मी म्हणाले.

“व्हय,” आत्ती म्हणाल्या. मान वर केली नाही. यजमानांनी पेपरचं पान उलटलं, वाचलेलंच पान.

मी उभीच राहिले. खाली दुकान उघडत होतं, ट्रकमधून पोती पडत होती, जिना रिकामा होता. कुणीतरी म्हणावं, नको जाऊस आज. कुणीतरी माझा हात धरावा, खुर्ची आणावी, आकारामला हाक मारावी. मी वाट बघितली. माझं काळीज धडधडत होतं, आणि ते मला ऐकू येत होतं. कुणीच काही बोललं नाही. ते दोघंही माझ्याइतकेच घाबरलेले होते, आणि माझ्यासाठी गप्प बसले होते.

मग मी कठड्याला धरलं आणि पहिली पायरी उतरले.